पंखांतली लाल माती

डब्लिन,
२१ ऑक्टोबर २००२

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. हसू नकोस. आई म्हणते, मोठ्या मावसबहिणीला पत्राच्या सुरुवातीला 'हाय' लिहीत नाहीत.

ई-मेलवर इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचताना भातात खडे लागल्यासारखं होतं, असं तूच म्हणाली होतीस. म्हणून पेन शोधलं. वर्षभर मी इथे काय करते म्हणशील, तर भांडी घासते आणि खिडकीतून पाऊस बघते. सारंगच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नाही. तो सकाळी चेरीवूडच्या ऑफिसात जातो आणि संध्याकाळी विचारतो, दिवस कसा गेला. मी म्हणते, ग्रँड. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पाय मोडला तरी.

पण शनिवारी गंमत झाली. ब्लॅकरॉकला उल्काकडे दसऱ्याचं जेवण होतं. उल्का म्हणजे नागपूरची, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. परत येताना असा वारा सुटला की छत्री उलटी झाली. आडोसा म्हणून एका दारात उभी राहिले, तर काचेमागे काळ्या कापडावर एकच अंगठी ठेवलेली. दुकानावर पाटीसुद्धा नाही. दार उघडून एका म्हाताऱ्या बाईंनी मला आत ओढलं आणि कोट काढायला लावला. मग त्या माझ्या गळ्याकडे बघतच राहिल्या. मी ठुशी घातली होती. त्यांनी भिंग आणलं आणि मण्यांवरचे सोन्याचे रवे बघत बसल्या. म्हणाल्या, हे काम अजून जिवंत हातांनी करतात?

त्यांचं नाव मिसेस कीटिंग. ग्रीस, रोम, तिकडच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती आणि दागिने विकतात. ताई, त्यांनी ती अंगठी माझ्या बोटात घातली. कुणा रोमन बाईची होती म्हणे. मला अगदी बरोबर बसली. आता मी मंगळवार-गुरुवार त्यांना मदतीला जाणार आहे, हौसेखातर. तिथे एक संगमरवरी डोकं आहे, नाक तुटलेलं. त्या त्याला 'हेलेनिस्टिक' म्हणतात. म्हणजे काय गं? तुला माहीत असणारच.

तुझी,
मुक्ता


कोल्हापूर,
६ नोव्हेंबर २००२

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आलं. वाचलं आणि मला मत्सर वाटला. उगीच आडपडदा कशाला? तुझ्या बोटात रोमन अंगठी गेली हे वाचून माझा फराळ कडू झाला.

मी पुरातत्त्वात एम.ए. केलं. मराठवाड्यात एका हिवाळ्यात उत्खननावर उन्हात पाठ भाजून घेतली. माझ्याच चौकोनात, मी ब्रशने माती झाडत असताना, काचेचा एक मणी वर आला. समुद्रापलीकडून आलेला, रोमन. सरांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि बरोबरच्या शैलेंद्रला उचलायला लावलं, कारण सापडलेल्या वस्तूंची चित्रं तो काढायचा. मी मातीच घासत राहिले. आज मी अकरावीच्या मुलांना इतिहास शिकवते. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला तो वीतभर उंचीचा ब्राँझचा समुद्रदेव इथल्या म्युझियमात आहे, त्याला बघायला जाते. तो काचेच्या आत असतो आणि मी बाहेर. आणि तू, बी.कॉम. झालेली, छत्री उलटी झाली म्हणून थेट आत.

असो. हेलेनिस्टिक म्हणजे सिकंदर मेल्यानंतरचा आणि रोमचं राज्य पसरण्याआधीचा ग्रीक काळ. त्या डोक्याची हनुवटी आणि कपाळ नीट बघ. मूर्ती पडून नाक तुटलं असेल तर तिथेही मार लागलेला असतो. नुसतं नाकच गेलं असेल तर कुणी तरी मुद्दाम फोडलं असं समज.

आणि एक गोष्ट पाटीवर लिहून ठेव. कुठलीही वस्तू हातात आली की पहिला प्रश्न, कुठे सापडली? ती सुंदर आहे का, हा प्रश्न नंतरचा. वस्तू कुणाच्या कबरीत होती, कोणत्या गावची होती, हे तिला चिकटलेली माती सांगते. माती गेली की उरतं ते नुसतं सोनं, आणि सोनं काय इथे गुजरीत सराफांकडेही मिळतं.

तुझी ताई


डब्लिन,
११ फेब्रुवारी २००३

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझ्या पत्राची पारायणं केली. आता पुढचं ऐक.

लंडनहून एक गिऱ्हाईक आलं होतं. मोठा संग्राहक, बोटात पुरातन मुद्रेची अंगठी, भाषा अशी की तोंडात गुळणी धरून बोलतोय. त्या डोक्यापाशी उभा राहून नाकाबद्दल हळहळत होता. मी चहा घेऊन गेले होते. माझ्या तोंडून निघून गेलं की हनुवटी आणि कपाळ शाबूत आहे, म्हणजे हे पडून तुटलेलं नाही, मुद्दाम फोडलंय. तो वळून बघायलाच लागला. कीटिंगबाई तर थक्क. तो गेल्यावर म्हणाल्या, मुक्ता, तुला नजर आहे. तेव्हापासून कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, मला आधी वाटायचं छापखानाच.

तुझं नाव घ्यायचं राहिलं. गडबडच इतकी झाली. पुढच्या वेळी नक्की सांगेन.

'कुठे सापडलं' असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, स्वित्झर्लंडमधल्या एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून. बहुतेक वस्तू तिथूनच आलेल्या असतात असं दिसतं. केवढं मोठं घराणं असेल.

सारंग सगळ्यांना सांगत सुटलाय, माझी बायको म्युझियमवाली झाली. मला आवडतं ते. त्याच्या ऑफिसच्या पार्टीत पहिल्यांदाच मला कुणी तरी विचारलं की तू काय करतेस, आणि मी 'ग्रँड' न म्हणता उत्तर दिलं.

तुझी,
मुक्ता


कोल्हापूर,
९ मार्च २००३

चि. मुक्तास,

सांगलीला गुरुनाथच्या मुंजीत तुझी आई भेटली. मावशीने माझा हात धरून चार बायकांसमोर सांगितलं, "आमची मुक्ता तिकडे जुन्या दागिन्यांची एक्स्पर्ट झालीय. लंडनचे लोक तिला विचारायला येतात." मग मला म्हणाली, "तुझंही असंच काही तरी होतं ना गं, खणायचं?"

मी हो म्हटलं आणि मठ्ठा वाढायला उठले.

नाव घ्यायचं राहिलं, असं लिहिलंयस. राहतं खरं असं. लहानपणी माझे निबंध उतरवून न्यायचीस, तेव्हाही बाईंना सांगायचं राहायचं. तुझं अक्षर चांगलं, म्हणून मार्क तुलाच जास्त. रागावले नाही. अंगाचा तिळपापड झाला, एवढंच.

स्वित्झर्लंडमधलं जुनं घराणं वाचून मला हसू आलं. ज्या वस्तूला गाव सांगायचं नसतं, तिला विकणारे असंच एखादं घराणं जोडून देतात. विचारत राहा.

तरी फोटो पाठवत जा. माझं मन मोठं आहे म्हणून नव्हे, राहवत नाही म्हणून.

निशिगंधा


डब्लिन,
२८ सप्टेंबर २००३

ती. ताईस,
सा. नमस्कार.

रागावलीस, म्हणून उन्हाळाभर लिहायचा धीर झाला नाही. आता लिहितेय, कारण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारू?

कीटिंगबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. दुकान महिनाभर बंद राहील. जाण्याआधी त्यांनी एक डबी माझ्या हातात दिली. नुकताच आलेला कानातल्यांचा जोड आहे. दुकानात ठेवायची भीती वाटते म्हणाल्या, तुझ्या घरी राहू दे. ताई, त्यांनी पोटच्या मुलालाही दिली नाही ती वस्तू मला दिली. मी ती हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे ठेवलीय. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, तिथे आमचे कपडे वाळतात.

फोटो सोबत आहेत. वर सोन्याची चकती, तिच्याखाली पंख असलेला नागडा मुलगा लोंबतोय. पंखांवर मोहरीहून बारीक रवे आहेत आणि त्यांच्या फटींत लाल माती घट्ट बसलीय. एका पंखात केसासारखं मूळसुद्धा अडकलंय. हा मुलगा कोण? किती जुना असेल? कानात कसा घालत असतील? आकडा फार जाड आहे.

आणि एक महत्त्वाचं. पंचवीस ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आहे. घरातलं सगळं सोनं आपण पाटावर मांडतो ना, तर घरात असलेलं हे वगळायचं म्हणजे लक्ष्मीलाच दारात उभं केल्यासारखं होईल. पण मातीने भरलेलं तसंच मांडणंही बरं दिसत नाही. आईने दिलेले रिठे आहेत. बाकीच्या दागिन्यांबरोबर यालाही रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुतलं तर चालेल का? तू सांगशील तसं करीन. उत्तर दिवाळीच्या आत पोचेल असं टाक.

तुझी,
मुक्ता


कोल्हापूर,
११ ऑक्टोबर २००३

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. सहामाहीचे पेपर बाजूला सारले आणि भिंग घेऊन बसले.

तो मुलगा म्हणजे इरॉस, ग्रीकांचा मदन. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला असावा, थोडा पुढेमागे. असे जोड श्रीमंत घरच्या मुलींना लग्नात देत आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर पुरत. आकडा जाड आहे, कारण कानाचं भोक मोठं असे. आपल्या आजीच्या कानांची आठवण कर. रवे एकेक करून बसवलेले आहेत आणि कुठेही सांधल्याचा डाग दिसत नाही. हे कसं करत ते आजही पुरतं कळलेलं नाही, असं आमचे सर म्हणायचे. डाव्या पंखातलं ते मूळ मी किती तरी वेळ बघत होते. कुणाच्या तरी उशाशी उगवलेल्या झाडाचं मूळ असेल ते. तुझ्या टॉवेलांमागे ते आहे आणि माझ्याजवळ त्याचा पोस्टकार्डाएवढा फोटो आहे. अशी मी जळले की काल आमटीही जळली.

पोटच्या मुलालाही दिली नाही ती वस्तू तुला दिली, असं लिहिलंयस. दोनदा वाचलं ते.

इथे पाऊस अजून रेंगाळतोय. चकलीची भाजणी दळून आणलीय, यंदा आई चकल्या पाडणार नाही म्हणते, म्हणजे मीच पाडायच्या. लक्ष्मीपूजन थाटात कर. सारंगरावांना आशीर्वाद. तू विचारलेलं सगळं सांगून झालं, असं वाटतं.

तुझी ताई


डब्लिन,
२ नोव्हेंबर २००३

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र एकवीसला मिळालं. सगळं वाचून काढलं. धुऊ नको असं कुठेच नव्हतं, म्हणून मी निश्चिंत झाले. चालण्यासारखं नसतं तर तू ठळक अक्षरांत लिहिलं असतंस, खाली दोन रेघा ओढून. तुला मी ओळखते ना.

आदल्या दिवशी रिठे भिजत घातले. आधी आईच्या पाटल्या, माझं मंगळसूत्र, ठुशी, आणि शेवटी तो जोड. लहान बाळाचा ब्रश मुद्दाम आणला होता. पंख घासताना पाणी लाल झालं आणि मग बेसिनमधून गेलं. ते मूळही गेलं. ताई, आतून काय सोनं निघालं म्हणून सांगू. काल घडवल्यासारखं. पाटावर मांडलं तेव्हा उल्काही आली होती, ती म्हणाली, हे कुठल्या पेढीचं गं? मी एक क्षण कानात घालून आरशात बघितलं. माझ्या भोकात आकडा जाईना, नुसतं धरलं. त्या मुलीसारखं वाटलं, जिच्या लग्नात ते आलं असेल.

बुधवारी कीटिंगबाई हॉस्पिटलातून घरी येतायत. आता मनात उगीच धाकधूक होतेय. सगळं ठीक आहे ना? लवकर लिही.

तुझी,
मुक्ता


कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २००३

मुक्ता,

काय करून बसलीस हे?

पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं, माती सगळं सांगते. पाटीवर लिहून ठेव म्हटलं होतं. दोन हजारांहून जास्त वर्षं ती माती त्या पंखांत होती आणि तू ती बेसिनमध्ये सोडलीस, बेसनाचे हात धुतल्यासारखी. मावशीच्या पाटल्या आणि हे सारखंच वाटलं तुला? खरं-खोटं ओळखणारा माणूस आधी त्या फटींतली माती बघतो. ती नसेल तर हे काल केलेलं नाही, असं कोण मानेल? एवढं तुला कळत असेल असं मी धरून चालले होते. इतके दिवस कपाटाच्या किल्ल्या सांभाळतेस ना.

कीटिंगबाई आता काय करतील ते मला दिसतंय. एवढा विश्वास टाकला होता त्यांनी, आणि तुझ्या 'नजरे'वर. किल्ल्या आपणहून परत दे, मागायची वेळ आणू नकोस. फार वाईट वाटलं तर उन्हाळ्यात इकडे येऊन राहा. आंबे असतील. लोक दोन दिवस विचारतील, मग विसरतील. मावशीला मी काही बोलणार नाही.

वेळेवर सांभाळून घे.

निशिगंधा


डब्लिन,
१२ जानेवारी २००४

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रात्रभर रडले आणि दुसऱ्याच दिवशी किल्ल्या घेऊन गेले. कीटिंगबाई काठी टेकत खिडकीशी बसल्या होत्या. डबी उघडली, भिंग लावलं, पंख उलटसुलट करून बघितले. मी तू लिहिलेलं सगळं बोलून टाकलं, माती, मूळ, बेसिन. माफी मागितली.

त्यांनी मला जवळ ओढून कपाळावर ओठ टेकले. म्हणाल्या, "वेडी पोर. आता यांना कुणी विचारू शकणार नाही, तुम्ही कुठून आलात."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं की अशा मातीमुळे हल्ली फार त्रास होतो. कुणी तरी ती तपासतं, कोणत्या देशातली ते सांगतं, आणि मग तो देश वस्तू परत मागतो. त्यांचा साफ करणारा 'युअर मॅन', म्हणजे इथल्या भाषेत 'तो अमका माणूस', ब्रिस्टॉलला असतो आणि ओरखडे पाडतो. रिठ्याने एक चराही पडला नव्हता. तो जोड नाताळाच्या आधीच विकला गेला, जुन्या घराण्याच्या संग्रहातला म्हणून.

या वेळी मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, माझ्या ताईला विचारूनच केलं. ती पुरातत्त्वाची एम.ए. आहे, तिने नको म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, तुझी बहीण शहाणी आहे, कुठे गप्प राहायचं ते तिला कळतं. आणि तुझ्यासाठी हे दिलं. फिल्मच्या डबीत कापसात ठेवलाय, उल्का नागपूरला जातेय, ती तिथून कुरिअर करील. काचेचा मणी आहे, आत सोन्याचा वर्ख. रोमन. तुला आवडेल असं मीच सुचवलं होतं.

आता एक काम. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बऱ्याच वस्तू आल्यायत, सगळ्या मातीसकट. इथे रिठे मिळत नाहीत. फेब्रुवारीत सारंगच्या मित्राचे आईवडील पुण्याहून येतायत, त्यांच्याबरोबर दोन किलो पाठवशील? कोल्हापूरचे मोठे असतात.

खरं सांगू? मला आनंद व्हायला हवा. पण तुझ्या पत्रातलं आणि बाईंचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, तेच मनात घोळतंय. तू सांग.

तुझी,
मुक्ता


कोल्हापूर,
८ फेब्रुवारी २००४

चि. मुक्तास,

रिठे पाठवणार नाही.

तुझ्या बाई चोरीचा माल विकतात. आता तरी स्पष्ट झालं असेल. त्या लाल मातीखाली कुणाची तरी मुलगी पुरलेली होती. तिची कबर कुणी फोडली, कानातून काढून घेतलं, आणि ती कुठली होती याचा शेवटचा पुरावा तू धुऊन टाकलास. तू अजाणता केलंस, पण त्याने झालेलं बदलत नाही. त्या वर्तमानपत्रांवर कोणती लिपी आहे ते बघ. वस्तू कुठल्या ते कळेल. मग तोंडावर विचार त्यांना, कुठे सापडलं? उत्तर दिलं नाही तर त्या दुकानाची पायरी चढू नकोस. ही विद्या मी शिकले आहे, तिची अशी विटंबना माझ्या नावावर नको. माझं नाव घेण्याची काही गरज नव्हती.

आणि मी गप्प राहिले असं त्या कशावरून म्हणतात? मी पत्र लिहिलं होतं, चार पानी.

मणी पोचला. तो परत पाठवणंच योग्य, पण टपालात फुटायची भीती वाटते. सध्या माझ्याकडे राहू दे, अभ्यासासाठी. शैलेंद्रच्या हातात गेला होता तो असाच होता, याहून थोडा फिकट. उजेडात धरला की आतला वर्ख दिसतो. भोकात अजून माती आहे. मी तिला हात लावलेला नाही.

तुझी ताई


डब्लिन,
४ एप्रिल २००४

ताई,

वर्तमानपत्रांवरची लिपी मला वाचता आली नाही, पण मी पान घेऊन गेले आणि समोर धरून विचारलं, कुठे सापडलं? कीटिंगबाईंनी चष्मा काढून पुसला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुझी फार मदत झाली, यू'व्ह बीन ग्रँड. मग हात पुढे केला आणि मी किल्ल्या दिल्या. पायरी उतरेपर्यंत दार आतून बंद झालं होतं. रिठे माझ्या सासूबाईंनी पाठवले होते, न मागता. ते प्रेसमध्ये पडून आहेत.

पोलिसांना सगळं सांगून आले. त्यांनी नीट लिहून घेतलं. पुढे काय होईल माहीत नाही. तो जोड कुणाकडे गेला ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी त्याचं गाव आता कुणालाच सांगता येणार नाही. मी आता पुन्हा खिडकीत असते. सारंग विचारतो, दिवस कसा गेला. तेच उत्तर देते.

तू म्हणालीस ते सगळं बरोबर होतं. तू नेहमीच बरोबर असतेस. लहानपणी मला वाटायचं, तुझ्यासारखं एक वाक्य एकदा तरी माझ्या तोंडून निघावं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघावं. त्या नाकाच्या वाक्याने ते झालं, म्हणून तुझं नाव घ्यायचं राहिलं. विसरले नव्हते मी. घेतलं नव्हतं.

तुझं अकरा ऑक्टोबरचं पत्र परवा पुन्हा काढलं. मी चार गोष्टी विचारल्या होत्या. मुलगा कोण ते तू सांगितलंस. किती जुना ते सांगितलंस. आकडा जाड का, तेही आजीच्या कानांसकट. चकलीच्या भाजणीचंही लिहिलंस. मूळ डाव्या पंखात आहे हे मी कळवलं नव्हतं, ते तू भिंगातून बघून मला सांगितलंस. म्हणजे पत्र तू नीट वाचलं होतंस आणि माती तुला दिसली होती. एक शब्द पुरला असता, ताई. 'नको' एवढाच. मग तो जोड अजून मातीसकट असता, मीही दुकानात असते, आणि तुला ते सोसलं नसतं.

पुढे तुझं रागाचं पत्र आलं, त्यात आंबे खायला बोलावलं होतंस. ते वाचून मला वाटलं होतं, माझी ताई किती मायेची आहे.

मणी परत पाठवू नकोस. तो तू कमावलेला आहेस.

मुक्ता